ठमीनं घेतलेलं नाव

दांडखार गावात आज जे सगळ्यांत म्हातारे आहेत, त्यांच्या पणज्यांनीही जिला डोळ्यांनी पाहिलं नाही, तिची ही गोष्ट. तरी गावातल्या शेंबड्या पोराला विचारा, ते काल भेटल्यासारखं तिच्याबद्दल सांगेल. तिचं नाव ठमी.

फार वर्षांपूर्वी हे गाव बांधाच्या भरवशावर जगत होतं. म्हणजे आजही जगतंच आहे, पण तेव्हा दुसरं काहीच नव्हतं. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खाडीचं खारं पाणी आणि मधे माणसांनी हातानं रचलेला चिखल. त्या बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आत शिरलं, की त्या वर्षाचं पीक तर जायचंच, पुढची तीन वर्षं जमिनीत गवतही उगवायचं नाही. म्हणून अमावस्येला आणि पुनवेला, उधाणाच्या रात्री, घराघराची पाळी असे. पाळीच्या माणसानं रात्रभर बांधावर फिरायचं, खेकड्यानं कुठं बीळ पाडलंय ते बघायचं आणि चिखलाचा गोळा दाबून ते बुजवायचं. काम डासांचं आणि कंटाळ्याचं. गाव कुरकुरायचं, पण करायचं.

बांधाच्या कामात जोमाचा हात धरणारा कुणी नव्हता. खेकडा बांधाच्या पोटात माती कुरतडत असला तर वर चालणाऱ्या जोमाच्या तळव्याला ते कळायचं, असं म्हणतात. सगळं गाव त्याला बांध्या म्हणायचं. जोमा म्हणणारी एकच, त्याची आई राघी.

हा जोमा झोपेत चालायचा.

लग्न होऊन ठमी त्या घरात आली तेव्हा तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. लग्न जुळवताना असलं काही सांगायची आपल्याकडे पद्धत नाही, मुलगा फक्त निर्व्यसनी असतो. पाचव्या रात्री तिला जाग आली, तर नवरा विझलेल्या चुलीपुढे बसून फुंकर घालत होता. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांना ती दिसत नव्हती. तिनं घाबरून सासूला उठवलं. राघीनं अंथरुणातूनच जांभई देत हाक मारली, "जोमा, चल बाबा, नीज." तो उठला, जागेवर येऊन आडवा झाला आणि घोरायला लागला.

मग राघीनं सुनेला सगळं सांगितलं. लहानपणापासूनचं हे. त्याला हलवायचं नाही, धरायचं नाही. झोपेत त्याचा जीव लांब गेलेला असतो, तो दुसऱ्या कशाला ऐकत नाही. नावानं बोलावलं तरच मागं फिरतो.

ठमीनं हा संसार शिकून घेतला. कधी जोमा रात्री उठून मिठाचं मडकं पाण्यात रिकामं करायचा. कधी भिंतीकडे तोंड करून रडायचा, आणि ते रडणं ऐकून ठमीलाही रडू यायचं. एकदा शेजारच्या गोठ्यात जाऊन त्यानं म्हशीला चांगला घटकाभर उपदेश केला. कशाबद्दल ते म्हशीलाच ठाऊक. सकाळी त्याला काही आठवत नसे. पायांना चिखल दिसला की तो मान खाली घालून विहिरीवर जायचा आणि कुणी उठायच्या आत पाय धुऊन यायचा. ठमी चुलीत लाकडं सारत बसायची, जणू तिनं काही पाहिलंच नाही. नवऱ्याची लाज झाकायची ही तिची तऱ्हा होती.

गावानं आपल्या परीनं उपाय केले. भगत आला, मिरच्यांची धुरी झाली, कडुनिंबाच्या फांदीनं पाठ सोलून झाली. भगताचं पोट भरलं आणि जोमाचं चालणं चालूच राहिलं. तेव्हा ठमीनं एक दोरा घेतला. एक टोक जोमाच्या पायाच्या अंगठ्याला, दुसरं आपल्या मनगटाला. दोरा ताणला की ठमी जागी व्हायची, ठमी सासूला उठवायची आणि सासू हाक मारायची. अशी सहा वर्षं गेली. पोरबाळ झालं नाही. पण त्या घरात प्रेम होतं, हे मी सांगतो, कारण गोष्ट सांगणारे बहुतेक लोक ते सांगायला विसरतात.

सातव्या वर्षी राघीनं अंथरूण धरलं. शेवटच्या दिवशी तिनं सुनेला जवळ बसवलं.

"बाय, आता हाक तुलाच मारावी लागंल."

"माझ्या तोंडातून ते नाव कसं निघंल, आत्याबाय?" ठमी म्हणाली. "त्यांचं आयुष्य तुटंल."

राघीनंही जन्मभर आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, तो मेला तेव्हाही नाही. सुनेला काय सांगणार? तिनं ठमीचा हात हातात धरला आणि तशीच गेली.

आज हे ऐकून कुणाला हसू येईल. हसू नका. त्या काळी बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं बाया दुधाबरोबर शिकत. सोमवारी जन्मलेल्या नवऱ्याची बायको सोमवारला सोमवार म्हणत नसे. नाव घ्यायचं ते लग्नात एकदा, तेही उखाण्यात, चार शब्दांच्या आडोशानं. ठमीच्या जिभेला जोमा हे नाव तेवढंच ठाऊक होतं. नवराही बायकोला नावानं बोलवत नसे. जोमा तिला "अगो" म्हणायचा, ती त्याला "अवो" म्हणायची, आणि दिवसा एवढ्यावर भागायचं.

रात्री भागेना. सासू गेल्यावर पहिल्याच पुनवेला जोमा उठला. ठमी पाठोपाठ अंगणात गेली आणि म्हणाली, "अवो, फिरा मागं." तो थांबला नाही. "अवो" काय, गावातल्या प्रत्येक बाईचा नवरा अवोच होता. शेवटी ती त्याच्या मागं मागं चालत राहिली, आणि पहाटे तो आपणच घरी वळला तेव्हा तिच्या जिवात जीव आला. मग तिनं दोऱ्याच्या जागी काथ्याचा सुंभ आणला आणि उंबऱ्यात आडवी निजायला लागली.

त्या भादव्यात मोठं उधाण आलं. सुंभ तुटला, ठमीला डोळा लागला होता, आणि जोमा तिला ओलांडून गेला. ती उठून धावली तोवर उजाडलं होतं. बांध जिथं वळतो त्या वळणापाशी रांजण मावेल एवढं भगदाड पडलेलं होतं आणि ते काठोकाठ चिखलानं बुजवलेलं होतं. जोमा शेजारी निजला होता. त्याची नखं फुटून रक्त आलं होतं. त्या रात्री ज्याची पाळी होती तो घरी घोंगडीत होता, हे सांगायला नकोच.

बघता बघता गाव जमलं. हाशा पाटलानं चिखलावर हात फिरवून पाहिला आणि जोमाच्या पाया पडला. दिवसा चार माणसांना जे जमलं नसतं ते यानं झोपेत एकट्यानं केलं, म्हणजे हा संचार बांधदेवाचा, असं ठरलं. कालपर्यंत ज्याला भूत म्हणत होते त्याला आजपासून देव म्हणायला लागले. मधल्यामधे त्याला माणूस म्हणायचं राहून गेलं.

तेव्हापासून जोमाबद्दल लोक काय काय सांगू लागले. तो चालतो तेव्हा चिखलावर पाऊल उमटत नाही. खेकडे बिळातून बाहेर येऊन त्याला वाट देतात. तो हात लावतो तिथून भरती वीतभर मागं सरते. असं म्हणतात. ठमी दर उधाणाला त्याच्या मागं जायची, तिनं एवढंच पाहिलं की त्याला थंडी वाजते आणि झोपेत तो कुडकुडतो.

आणि गावानं पाळ्या सोडल्या. एकानं एका रात्री सोडली, दुसऱ्यानं पाहिलं, तिसऱ्यानं विचारलंही नाही. बांध्या आहे की! वर्ष गेलं, दोन गेली. बांध उंच करायला माती टाकायची तीही कुणी टाकीना. जोमा दिवसा आपला वाटा करायचा आणि रात्री सगळ्या गावाचा. तो वाळत चालला. जेवताना घास हातात धरून पेंगायचा. एका संध्याकाळी तो ओसरीवर बसला होता, फुटक्या नखांकडे बघत. त्यानं ठमीला विचारलं, रात्री मी काय करतो? ठमी म्हणाली, थोडं चालता. त्यानं हात पुढं केले.

"अगो, मला बांधून ठेव. मला भ्या वाटतं. मी कुठं असतो ते मलाच ठावं नसतं."

ठमीनं शब्द दिला की यापुढे कुणीही येवो, सोडणार नाही. त्या रात्रीपासून ती त्याला खाटेला बांधायची, मऊ लुगड्याच्या पट्ट्यांनी, वळ उठू नये म्हणून. अमावस्या आली नि गेली, पूनव आली नि गेली. जोमा झोपेत धडपडायचा आणि ठमी त्याच्या पायाशी बसून राहायची. त्याच्या गालांवर जरा मांस आलं. तेवढे दोन महिने तिच्या आयुष्यात सुखाचे होते.

मग सर्वपित्रीची अमावस्या आली. भात पोटरीला आलेलं, वारा दिवसभर समुद्राकडून, आणि पाणी संध्याकाळीच बांधाच्या गळ्याशी. अंधार पडताना हाशा पाटील चार माणसं घेऊन अंगणात आला. हातात नारळ होता, हिरवं लुगडं होतं. ठमी म्हणाली, तुमच्या पाळ्या कुठं गेल्या? पाटलानं पागोटं काढून तिच्या पायाशी ठेवलं.

"ठमे, गावाचं भात हाय. पोरं खातील काय? आजची रात त्याला सोड."

शेजारच्या दारात कुणाचं तरी तान्हं रडत होतं. ठमीनं घरात जाऊन पट्ट्या सोडल्या. जोमा गाढ झोपला होता. पाटील आणि माणसं समाधानानं घरी गेली, आणि झोपलीसुद्धा, असं म्हणतात.

मध्यरात्री जोमा उठला. ठमी गवताची पेटती चूड घेऊन मागं निघाली, पण बांधावर पाय ठेवताच ती वाऱ्यानं विझली. तिला पुढं फक्त त्याचं पांढरं धोतर दिसत होतं. पाणी बांधाच्या माथ्यापासून दोनच बोटं खाली होतं. जोमा नेहमीसारखा संथ चालला होता, वळणाच्या दिशेनं. इतक्यात वीज चमकली आणि ठमीला दिसलं की वळणापाशी बांधच नव्हता. दोन वर्षं माती न पडलेली ती जागा खचून गेली होती, तिथं काळं पाणी आत धावत होतं, आणि जोमा सरळ तिकडे चालला होता. बीळ बुजवणं त्याच्या झोपेला येत होतं, पण नसलेला बांध त्या झोपेला दिसत नव्हता.

जोमा आणि त्या पाण्यात पंचवीस पावलं उरली होती. धावत जाऊन धरावं तर निसरड्या बांधावर दोघंही जातील, आणि धरू नये असं सासूनं बजावलेलं. ठमी ओरडली, "अवो, फिरा." वारा ते घेऊन गेला. ती पुन्हा ओरडली. तो चालतच होता. एकच शब्द त्याला परत आणणार होता आणि तो तिला ठाऊक होता. तिनं तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली. दुसऱ्यांदा उघडलं, नुसती हवा आली. नाव घेतलं तर मरेल, नाही घेतलं तर मरेल, आणि पावलं पंधरा राहिली.

मग तिच्या जिभेला ती एकच वाट सापडली जिनं ते नाव पूर्वी कधी बाहेर आलं होतं. त्या वादळात, त्या काळोखात, ठमीनं आपल्या लग्नातला उखाणा म्हणायला सुरुवात केली.

"भरतीच्या पान्यावर चांदनं सांडलं,
बापानं दारात लगीन मांडलं,
जोमाचं नाव मी काळजात कोंडलं."

दोन ओळी सरेपर्यंत जोमा तेरा पावलं चालला होता. तिसऱ्या ओळीला, नाव कानी पडताच, तो थांबला. वळला. वीज पुन्हा चमकली तेव्हा त्याचे डोळे जागे होते आणि ते तिलाच बघत होते. आपण कुठं उभे आहोत याचं भान त्याला अजून आलं नव्हतं. त्याला फक्त हे कळलं होतं की आपल्याला कुणी बोलावलं. त्याच्या तोंडावर हसू आलं.

"ठमे," तो म्हणाला.

लग्नानंतर आठ वर्षांनी त्यानं तिला पहिल्यांदा नावानं हाक मारली. मग त्याच्या पायाखालची माती गेली.

पहाटे गाव बांधावर आलं तेव्हा ठमी वळणावर बसलेली होती. आणि तिच्यापुढे बांध अखंड होता. रात्री जिथून पाणी आत धावत होतं तिथं छातीएवढी उंच, टणक माती उभी होती, वर दोन दिवसांचं असावं तसं कोवळं गवत. भात वाचलं होतं. जोमा पुढे कुणाला सापडला नाही. त्यानं आपल्या देहाचाच बांध केला, असं म्हणतात. लोकांनी गुडघे टेकले, कुणी शेंदूर आणायला पळालं.

ठमीनं शेंदूर लावू दिला नाही. ती म्हणाली, माझा माणूस मेलाय, त्याला दगड करू नका. मग म्हाताऱ्या बायांनी तिला पोटाशी धरलं आणि हळूच, मायेनंच, म्हणाल्या, पोरी, नाव घ्यायला नको होतंस. घेतलंस आणि आयुष्य तुटलं.

ठमीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"नाव घेतलं म्हनून नाय," ती म्हणाली. "घ्यायला उशीर केला म्हनून."

ती पुढं पुष्कळ वर्षं जगली. दर उधाणाच्या रात्री ती बांधावर जायची आणि पाण्याकडे तोंड करून हाक मारायची, जोमा. आडोसा नाही, उखाणा नाही. आधी गाव दारं लावून घ्यायचं. नंतर ज्याची पाळी असेल त्याला त्या हाकेनं झोप लागेना, तो उठून पाटी घेऊन बांधावर यायचा. आला की ती त्याला काही बोलायची नाही, बाजूला सरून वाट द्यायची. हळूहळू सगळ्या पाळ्या परत सुरू झाल्या. हाशा पाटील तर दुसऱ्याच्या पाळीलाही येऊन बसायचा, मरेपर्यंत. तिची हाक ऐकून वादळात भरकटलेल्या होड्या खाडीत वळल्या, असं म्हणतात. मागं वळणारी माणसं खूप होती, तिचा माणूस तेवढा त्यांच्यात कधी नव्हता. म्हातारपणी ती उधाण नसलेल्या रात्रीही जायला लागली. एका सकाळी ती वळणावर गवतात निजलेली सापडली, आणि उठली नाही.

दांडखारला आजही झोपेत चालणाऱ्या माणसाला कुणी बांधत नाही आणि धुरी देत नाही. त्याच्या उंबऱ्यात शेजारी पाळीपाळीनं बसतात आणि तो उठला की नावानं बोलावतात. नवी नवरी गावात आली की घराच्या आधी तिला बांधावर नेतात. तिथं तिनं नवऱ्याचं नाव मोठ्यानं, नुसतं, उघडं घ्यायचं. लाजून उखाणा सुरू केलाच तर बाया तिच्या तोंडावर हात ठेवतात.

आणि सर्वपित्रीच्या रात्री, भरती चढताना, गावातल्या सगळ्या बायका बांधावर उभ्या राहतात. एकेक जण आपापल्या माणसाला हाक मारते. तो गावातून "ओ" देतो, मातीची पाटी डोक्यावर घेऊन येतो आणि बांधावर टाकतो. त्यात थट्टा चालते, हसणं चालतं. कुणाचा नवरा उशिरा आला तर त्याला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. सगळे येऊन पोचले की गावातली सगळ्यांत म्हातारी बाई वळणावर जाते आणि पाण्याकडे तोंड करून म्हणते, "जोमा."

मग सगळं गाव गप्प होतं. लहान पोरंसुद्धा. पाणी उतरायला लागेपर्यंत ती माणसं तिथं उभी राहून "ओ"ची वाट बघतात, आणि मग घरी जातात.